घाटमाथ्यावरच्या फाट्यावर कोणी नव्हतं

मोईनचाचा,

जनाजा निघायच्या आधी तुमच्या गल्लीत इतकी माणसं जमली होती की प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या. जो तो एकमेकांना एकच गोष्ट सांगत होता. माणूस लई चांगला, फक्त पुढं पुढं रस्ते विसरायला लागला होता, म्हणून घरच्यांनी गाडी बंद केली. आपल्यासोबत फिरणाऱ्या व्यंकटनं हे माझ्यासमोर तिघांना सांगितलं. मी दारात बायकांमध्ये उभी होते. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. तुम्ही एकही रस्ता विसरला नव्हता. हे दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक आत पांढऱ्या कापडात होतं.

म्हणून हे लिहून छापायला देतेय. मी खोटं बोलले ते चार लोकांपुढं. आता खरं बोलायचं तर त्याहून कमी लोकांपुढं बोलून चालणार नाही.

आपली ओळख शाळेच्या भिंतीपाशी झाली. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या माझ्या शाळेत तुम्ही अक्षरं रंगवायला आला होतात. तुम्ही शिडीवर, बाराखडी अर्ध्यावर, आणि मी खाली मोटारसायकलला किक मारून मारून घामाघूम. एस.टी. दिवसातून दोनदा यायची, तीही आली तर. म्हणून मी जुनी मोटारसायकल घेतली होती. बाईमाणसानं स्कूटी घ्यावी असं सगळ्यांचं मत होतं, आणि त्या रस्त्यावर स्कूटीची चाकं रुततात हा माझा अनुभव होता. मी गाडीला दोनचार शब्द ऐकवले तेव्हा वरून आवाज आला.

"बाई, तिला बोलून काय फायदा? पेट्रोलचा कॉक बंद हाय."

मी कॉक उघडला. गाडी पहिल्या किकला चालू झाली. तुम्ही हसला नाहीत, ब्रश बुडवून पुढचं अक्षर काढायला लागलात. ते मला आवडलं. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं-चौघं फिरायला जातो. डांबरी हमरस्ता सोडून. यायचं तर या." मी विचारलं, कुठं जाता? तुम्ही म्हणालात, "जिथं बस जात न्हाई तिथं."

आले मी. सासूबाईंनी विचारलं, "सुनंदा, विहारात यायला येळ न्हाई आन डोंगरात जायला हाय?" त्यांचं बरोबर होतं. पण महिन्यातून एक दिवस मला कुणाची सून, आई आणि बाई नसायचं होतं, आणि ते त्यांना समजावून सांगत बसायलाही मला वेळ नव्हता.

आपण चौघं. पुढं व्यंकट, चाकूरचा औषध दुकानदार, जो रविवारी फोन बंद करून घरी ठेवायचा, कारण गिऱ्हाईकं रस्त्यातही गोळ्या विचारतात. अर्धापूरचा गजानन, केळीच्या बागेचा मालक, जो निम्म्या वेळी आपल्याला वाटेतच भेटायचा. मी. आणि सगळ्यात मागं तुम्ही. तुमची जागा कायम मागची. त्याचं कारण मला सहा महिन्यांनी कळलं. तुम्ही वाटेत थांबून मैलाचे दगड पुसायचा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तुम्ही ऐन पंचविशीत होतात. साऱ्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहायचं होतं, आणि ते काम ज्या ठेकेदारानं घेतलं त्यानं तुम्हाला सायकल, रंगाचे डबे आणि एक शिडी देऊन सोडून दिलं. दोन वर्षं तुम्ही आतल्या रस्त्यांनी फिरलात. शाळा, चावड्या, फाट्यावरच्या पाट्या, दगड. "उस्मानाबाद झाकायला दोन हात द्यावे लागायचे बाई," तुम्ही सांगायचा, "तरी उन्हात खालून दिसायचंच." आणि एका फाट्यावर तुम्ही बाण उलटा काढला होता. कुणी तक्रार केली नाही. तीन वर्षं सोयरिकीला निघालेली माणसं भलत्याच गावात जाऊन चहा पिऊन यायची. "एक लग्न तर तिथंच जमलं म्हणे," असं तुम्ही सांगायचा. मी कधीच खरं मानलं नाही, पण दरवेळी पुन्हा सांगायला लावायचे.

त्या उलट्या बाणापासून तुमचा नियम आला. पाटीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण पाटी तुमच्यासारखाच एखादा माणूस उपाशीपोटी रंगवतो. फाट्यावर माणूस पाहिजे. पुढच्याच्या मागं जो दुसरा असेल, त्यानं फाटा आला की थांबायचं. शेवटचा येईपर्यंत हलायचं नाही. धुळीमुळं आपण एकमेकांपासून अर्धा-अर्धा मैल लांब चालायचो, कोणी कोणाला दिसायचं नाही, पण त्या नियमामुळं कधी कोणी हरवलं नाही. फारच अडचण असली आणि निघावंच लागलं, तर पाटीच्या बुडाशी तीन दगड एकावर एक ठेवायचे. म्हणजे मागच्यानं समजायचं, ठीक आहे, पुढं गेलाय. आणि फाट्यावर माणूस नाही, दगडही नाहीत, तर काहीतरी बरंवाईट झालं असं धरायचं आणि शोधायचं.

हा नियम तुम्ही मला पहिल्याच फेरीत समजावला. मी विचारलं, फोन कशाला आहेत मग? तुम्ही म्हणालात, "रेंज फाटा बघून येत न्हाई."

तुमच्याकडून मी काय काय घेतलं त्याची यादी करणार नाही. एवढंच, की वळणावर चाकापुढचा खड्डा बघायचा नाही, वळण जिथं संपतं तिकडं बघायचं, हे तुम्ही शिकवलं, आणि पावसाळ्यानंतर मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक हळू दाबायला. बालाघाटच्या त्या बुटक्या डोंगरांत लोक म्हणतात तसं बघण्यासारखं काही नाही. तरी कंधारच्या बाजूनं घाट चढून माथ्यावर आलं की मागं सगळा उतार उघडा पडतो, पळसाची खोडं, चार शेरडं, लांब तळ्याचा वाळका पांढरा डाग. तिथं इंजिन बंद केलं की कानात जी शांतता भरते, ती मला दुसरीकडं कुठं मिळाली नाही.

त्याच माथ्यावर तो फाटा आहे. एक रस्ता अहमदपूरला, एक मुखेडकडं.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. तुम्ही म्हणाला होतात, या महिन्यात राहू द्या, ऊन लई हाय. मीच हट्ट धरला. घरात भांडी कोरडी, सासूबाईंचे गुडघे सुजलेले, नवऱ्याची एस.टी.त डबल ड्युटी. मला एक दिवस तरी बादली सोडून दुसरं काहीतरी बघायचं होतं. पहाटे निघून आपण गजाननकडं अर्धापूरला गेलो. त्याच्या बागेत केळीचे खांब उभ्याउभ्या वाळले होते. तरी त्यानं कुठूनतरी एक फणी आणून पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "खा, पुन्हा कधी मिळतील सांगता येत न्हाई." कोणी दुसरं केळ घेतलं नाही.

गजानन तिथंच राहिला. परतताना आपण तिघं. पुढं व्यंकट, मधे मी, मागं तुम्ही. पाण्याचा पाच लिटरचा कॅन माझ्या गाडीला बांधलेला, कारण माझं कॅरिअर रुंद होतं. घाट चढून बाराच्या सुमाराला मी माथ्यावर आले. व्यंकट पुढं निघून गेला होता. दुसरी मी, म्हणून मी थांबले.

दहा मिनिटं झाली असतील. तुम्ही खाली कुठंतरी दगड पुसत असणार. तेवढ्यात फोन वाजला. तिथं कधीच रेंज नसते, नेमकी त्या दिवशी होती. शेजारच्या कमलबाई होत्या. "टँकर आजच यायलाय, तीनला. नळी लावायला कुणी पाहिजे. नंबर गेला तर पुन्हा आठ दिवस बघू नका."

मी घड्याळ बघितलं. दोन-अडीच तासांचा रस्ता होता. मी गाडी काढली आणि अहमदपूरच्या रस्त्याला लागले.

चाचा, तीन दगड ठेवायला एक मिनिट लागलं असतं. दगड तिथंच पडले होते, पायाशी. मला आठवलंच नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. मला आठवलं होतं. मी म्हटलं, चाचांना रस्ता माहीत आहे, त्यांनीच तर रंगवलाय, आणि उतरायचा कंटाळा केला.

अहमदपूरच्या अलीकडं आपल्या नेहमीच्या हॉटेलात व्यंकट चहाला थांबला होता. मी गाडी बंदही केली नाही. त्यानं विचारलं, "चाचा?" मी म्हटलं, "मागंच आहेत. मला टँकर गाठायचाय." मागंच आहेत. एवढं बोलून मी निघाले. व्यंकट पाऊण तास थांबला, मग त्याला वाटलं तुम्ही कुणा पाव्हण्याकडं वळलात, आणि तोही घरी गेला.

टँकर मला मिळाला. टाकी भरली, ड्रम भरले, आपला कॅन अजून निम्मा होता तोही मी माठात ओतला. पाचच्या सुमाराला हात पुसून फोन बघितला. तुमचे सात कॉल. मला वाटलं, तुम्ही रागावणार. मी फोन पालथा ठेवला.

सातला तुमच्या नसरीनचा फोन आला.

दवाखान्यात तुम्हाला सलाइन लावलं होतं. ओठ फुटले होते, कपाळाची कातडी काळी पडली होती. तुम्हाला जीपमध्ये घालून आणणारा शेरडं राखणारा माणूस अजून तिथंच होता. तो नसरीनला सांगत होता, "बाबा दोनदा घाट उतरून खाली गेले. कुणाला तरी हाका मारत व्हते. म्या म्हनलं डोक्यात ऊन गेलं."

नसरीन तुमची एकुलती लेक, शिवणकाम करून घर चालवणारी, आई गेल्यापासून तुमच्यावर आईसारखी ओरडणारी. तिनं माझ्याकडं बघितलं. "बाई, अब्बा कुठं चुकले? तुम्ही फाट्यावर होता ना?"

व्यंकटही बघत होता. तो शेरडंवालाही. मी म्हटलं, "मी अर्धा तास थांबले होते."

तुम्ही जागे होता. डोळे मिटलेले असले तरी जागे होता, हे मला कळत होतं. व्यंकटनं वाकून विचारलं, "चाचा, तुम्हीच दगड रंगवलेले आन तुम्हीच कसा रस्ता विसरला?" तुम्ही डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणालात, "हाव. बाई थांबली व्हती. मलाच समजलं न्हाई."

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. ते लिहायला सगळ्यात अवघड जातंय.

दुसऱ्या दिवशी नसरीननं गाडीची किल्ली शिवणयंत्राच्या खणात टाकली. रस्ता विसरणं चांगलं लक्षण नाही, असं कुणी तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते मनावर घेतलं. घेणारच. त्यानंतर आठ वर्षं तुम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, तिथल्या ओट्यावर बसायचा आणि परत यायचा. नमाजला जायचं तरी बरोबर कुणीतरी असायचं. गाडी मागच्या भिंतीला टेकून, वर निळं प्लास्टिक. तुम्ही अमुक गाव कुठल्या फाट्यावर ते अचूक सांगायचा, तरी लोक हसून मान डोलवायचे, जशी म्हाताऱ्यापुढं डोलवतात.

मी यायचे. फार नाही, ईदला आणि मधे एखाददा. तुम्ही मला "जयभीम बाई" म्हणायचा, मी तुम्हाला सलाम करायचे, हा आपला जुना खेळ. मग तुम्ही विचारायचा, यंदा कुठं गेला होता, आणि मी रस्ते सांगायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचा. कुठला पूल झाला, कुठला दगड रुंदीकरणात गेला. उदगीर जिल्हा होणार अशी बातमी आली की तुमची बोटं चुळबुळायची. "पुन्हा पाट्या रंगवाव्या लागतील बाई. लातूर झाकायलाबी दोन हात लागतील."

एकदा तुम्ही विचारलं, "फाट्यावर कोण थांबतं आता?"

मी म्हटलं, "आता फोनवर नकाशा असतो चाचा. कोणी थांबत नाही."

"नकाशा तुम्ही चुकला का ते सांगतो. मागचा आला का, ते सांगतो का?"

मी वाद घातला. म्हटलं, तेही दिसतं हल्ली, प्रत्येकाचा ठिपका दिसतो. तुम्ही म्हणालात, ठिपका पडला तर उचलतो कोण? मी म्हटलं, तुम्हाला नवं काही नकोच असतं. मी वाद घालत होते, कारण गप्प बसले असते तर दुसरंच बोलावं लागलं असतं. तो वाद तसाच राहिला. तुमचं बरोबर होतं.

आणि एकदा, मागच्या उन्हाळ्यात, मी सुरुवात केली होती. नसरीन बाजारात गेली होती. मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी घाटात…"

तुम्ही मला पुढं बोलू दिलं नाही. विचारलं, "टाकी भरली होती का त्या दिवशी?"

म्हणजे तुम्हाला टँकरचंही माहीत होतं. व्यंकटकडून कळलं असणार, आणि तुम्ही बाकीचं जुळवलं असणार. मी म्हटलं, "भरली."

"बस्स झालं मग," तुम्ही म्हणालात, आणि चहा टाकायला सांगितलं.

मी चहा टाकला. त्या वेळी मला ते मोठेपण वाटलं. आज त्याचा थोडा रागही येतो, चाचा. तुम्ही मला माफ केलंत, पण नसरीनला कुणी काही सांगितलंच नाही. ती आठ वर्षं तुमच्या पहाऱ्यावर बसली होती, एका खोट्यावरून. तुम्ही माझी अब्रू राखलीत आणि त्यासाठी स्वतःचं डोकं गहाण टाकलंत. मी ते चालू दिलं. मी शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवते.

तुम्ही गेल्यावर बाराव्या दिवशी मी नसरीनकडं गेले. ती शिवत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, फोनपासून सात कॉलपर्यंत. दगडांचंही सांगितलं. तिनं यंत्र थांबवलं नाही, शिवण संपेपर्यंत चालवलं, मग दोरा तोडला.

"म्हणजे अब्बा तुम्हाला शोधत होते."

"हो."

"मी त्यांना दुकानात एकटं जाऊ दिलं न्हाई बाई. साधं दूध आणायला." मग म्हणाली, "ती जागा दाखवा मला."

रविवारी ती माझ्या मागं बसली. पहिल्यांदाच बसली होती, तरी तिनं मला धरलं नाही, मागच्या कॅरिअरला धरून बसली. अहमदपूर मागं टाकून आपल्या रस्त्यानं आम्ही माथ्यावर पोचलो. तिथं आता हिरवी लोखंडी पाटी आहे. तुमचा दगड बाजूला झुडपात आहे, आकडा पुसट. नसरीननं ओढणीच्या टोकानं तो पुसला. मग कडेला जाऊन खाली बघितलं.

"इथून उतरले?"

"इथूनच."

"दोनदा?"

"तो माणूस तसं म्हणाला होता."

मग माझ्याकडं न वळता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं बाई. मी बसनं येते."

"इथं बस कधी येईल याचा भरवसा नाही."

"असू द्या."

हा लेख तिनं वाचलाय. एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं. बाकीचं राहू द्या म्हणाली. तिनं मला माफ केलं असं मी कुठं लिहू नये, हेही सांगितलं. तिनं केलेलं नाही.

त्या रविवारी मी गाडी ढकलत रस्त्याच्या पलीकडं नेली, बाभळीखाली लावली आणि उभी राहिले. तिनं एकदा बघितलं. मी पाण्याची बाटली तुमच्या दगडावर ठेवून आले, तिनं हात लावला नाही. ऊन वर आलं. दोन ट्रॅक्टर गेले, एक लग्नाची जीप गेली. तासाभरानं, कदाचित जास्त, मुखेडच्या बाजूनं बस आली. ती चढली. बाटली तिथंच राहिली, ती मी उचलली.

बस निघाल्यावर मी गाडी काढली आणि मागं राहिले, धूळ डोळ्यांत जाणार नाही एवढं अंतर ठेवून. अहमदपूरच्या अलीकडं प्रत्येक फाट्यावर बस थांबत होती, माणसं उतरत होती. दरवेळी मीही थांबले, आणि बस हलल्यावरच हलले.